मास्तरांच्या टायरचं माप

शिंपीमास्तरांनी ठरवलं, सोमवारपासून दुकानात सायकलनेच जायचं. कारण एकच. दुकान लांब हलवल्यापासून सासूबाई त्यांना रोज स्कूटरवर मागे बसवून सोडत आणि घटकाभर दुकानात टेकत. वळण आलं की ओरडत, "जावईबापू, घट्ट धरा!" आणि अख्खा रस्ता हसे. (मास्तर खरंच घट्ट धरत, ते सोडा.)

सायकल घरात होती, पण टायर पार झिजलेले. नवे घ्यायचे तर बारीक की रुंद? बारीक टायर पळतो झकास, पण वाटेतल्या गटाराच्या जाळीत अडकतो. रुंद टायर जाळीवरून सहज जातो, पण चाक धरणाऱ्या चिमट्यात मावायला हवा. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून जाळीचं माप घेतलं (मागे गाड्या खोळंबल्या), चिमट्याचं घेतलं आणि टायरवाल्याकडे जाऊन टायरचंही घेतलं.

"रुंदच घेऊ. अगदी अंगाबरोबर बसेल," ते बायकोला म्हणाले. "वर थोडा सैलच."

सोमवारी सकाळी टायर चढवले. छान मावले. मग बायकोने पंप मारला. पुढचा टायर फुगला, चिमट्याला दोन्हीकडून भिडला आणि चाक जागच्या जागी गच्च झालं.

"अहो, माप कसं घेतलंत?"

"कसं म्हणजे? टेपने!"

"हवा भरून?"

मास्तर टेप गुंडाळू लागले.

"गिऱ्हाइकाचं माप घेताना खुंटीवरचा शर्ट मोजता का? आत माणूस असतो ना?"

बाहेर सासूबाईंनी हॉर्न वाजवला. मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. बायकोला दया आली. तिने थोडी हवा सोडली, चाक फिरवून पाहिलं, आणखी थोडी सोडली. फिरलं!

"आज असेच जा, हळूहळू. उद्या एक नंबर लहान आणू. आईला मी सांगते."

मास्तर निघाले. सायकल जड, मांड्या भरून आल्या. पण जाळी आली नि गेली, वळण आलं नि गेलं, आणि कुणी काही ओरडलं नाही. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. (हे बायकोला सांगू नका.)

दुकानाशी एक जुनं गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभं होतं.

"मास्तर, आज सासूबाई नाहीत?"

"नाहीत," मास्तर ताठ मानेने म्हणाले, "आता रोज मी एकटाच येणार."

"अरेरे! मग पॅन्टची ट्रायल कुणाला दाखवायची? तुम्ही नुसतं 'छान बसली' म्हणता. खरं काय ते त्याच सांगतात."