ओस्रिकबाबांचं मौन

खेळ चालवताना मी पक्षपात कधी केला नाही, असं आजही छातीठोकपणे सांगते. ओस्रिकबाबांचा अपवाद सोडून.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनात बर्फ खिडकीपर्यंत चढलं होतं, आणि दर रविवारी दुपारी आम्ही चौघं आमच्या तळघरात बसून कागदावरची भुयारं धुंडाळायचो. गोष्ट मी सांगायची, घाव लागला की हुकला ते फासे ठरवायचे. राजा मी, राक्षस मी, भिंती आणि खड्डेही माझेच. माझा नवरा ऑर्विल, त्याची बहीण लव्हॉन आणि पोस्टमन गस हे त्या गोष्टीतले तीन वीर. तिघांनीही तलवारी घेतल्या, जखमा बांधायला कुणीच नाही. म्हणून मीच एक सोबती दिला: ओस्रिकबाबा, वैद्यकी जाणणारे म्हातारे संन्यासी. त्यांच्या वतीनेही मीच बोलायचं.

पहिल्या रविवारी बाबांनी पट्ट्या बांधल्या. दुसऱ्या रविवारी कुलूप उघडलं. चौथ्या रविवारी एकट्याने दोन राक्षस लोळवले आणि राजाशी राज्यकारभारावर चर्चा केली. राजा मी, बाबाही मी. चर्चा अशी रंगली की वीरांचं मत विचारायला मान वर केली, तर तळघर रिकामं.

"थांबलीस का?" लव्हॉनने जिन्यावरून विचारलं. "तुमचं दोघांचं चालू दे. आम्ही चीज तळतोय."

मग गस खाली आला. "विल्मा, राग मानू नकोस," तो चाचरत म्हणाला, "पण बोलिंगच्या संघात तीन माणसं कमी आहेत. त्यांचाही खेळ रविवारीच असतो. पुढच्या वेळीही असंच झालं, तर..."

तीन माणसं म्हणजे माझी होती नव्हती तेवढी सगळी! आठवडाभर मला अन्न गोड लागेना. शेवटी ठरवलं, बाबांनी मौन धरायचं.

पुढच्या रविवारी वीर तीन दारांपाशी पोचले. एकामागे वाट, दोहोंमागे खड्डे.

"बाबा, कुठलं दार?" ऑर्विलने विचारलं.

"बाबांचं मौन आहे," मी म्हटलं.

"असू दे की. त्यांना पहिल्या दाराकडे ढकला," लव्हॉन म्हणाली, "आणि हिच्या तोंडाकडे बघा."

ढकललं. मी नुसता घसा खाकरला.

"हे नको. पुढचं."

तीन आठवडे खपून आखलेलं भुयार त्यांनी तासाभरात पार केलं, एकाही खड्ड्यात न पडता. मी घाईघाईने जाहीर केलं की बाबा आता तीर्थयात्रेला निघतात. तर गसने त्यांच्या कमरेला दोर बांधला.

"असा माणूस सोडतात होय?" तो म्हणाला, आणि त्याने जांभई दिली. तिघं जिंकत होते आणि घड्याळाकडे बघत होते.

तेवढ्यात ड्रॅगन जागा झाला. मी फासे नेहमी पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचे, आकडा फक्त मला दिसायचा. बाबांचं आयुष्य त्या आडोशानेच वाढवत नेलं होतं. तो मी उचलून बाजूला ठेवला. दोराच्या टोकाला बाबा, समोर ड्रॅगनचा जबडा. ड्रॅगनच्या घावाचा फासा सगळ्यांदेखत टाकला. वीस! त्याहून मोठा आकडा त्या फाशावर नसतोच.

"गेले?" ऑर्विलने हळूच विचारलं.

"गेले."

मग लव्हॉन खुर्चीवरून उठली. "आता पट्टी बांधायला कुणी नाही. गस, तू डावीकडून ये. ऑर्विल, आधी तो दोर काप."

पुढचा दीड तास घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही. ड्रॅगन पडला तेव्हा लव्हॉनच्या वीराचा एक हात गेला होता, आणि ती तळघरभर नाचत होती. गसने वर जाऊन बोलिंगवाल्यांना फोन केला आणि आम्हाला जमणार नाही म्हणून कळवलं.

पुढच्या रविवारी लव्हॉन एक मोठं झाकलेलं भांडं घेऊन आली. बटाटे, खिमा, वर चीजचा थर. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की शेजारीपाजारी असंच भांडं आणून देतात. माझे डोळे भरून आले.

"लव्हॉन, बाबांसाठी तू एवढं..."

"दुखवट्याचं वाटलं होय तुला?" ती म्हणाली. "अगं, सुटलो म्हणून केलंय. गस तर केक आणतोय."

मी डोळे पुसले आणि ताट पुढे केलं. दोनदा वाढून घेतलं.