पिठीवाले सामंत सर

सामंत सर कोणाकडेही जेवायला गेले, की कुळथाच्या पिठीत, म्हणजे आमच्याकडच्या पातळ पिठल्यात, आधी सायकलचा छर्रा टाकायचे. धुतलेल्या छर्‍यांची पुडी खिशात कायम असे. पेल्यात पिठी ओतायची, वरून छर्रा सोडायचा आणि तो तळाला ‘टक्’ करून टेकेपर्यंत पेल्याला कान लावून घड्याळ बघायचं. मग निकाल: “वयनी, आज तुमी पिठी कमी ढवळलात.” हे माझ्या बायकोला, तिच्याच स्वयंपाकघरात! एकदा माझ्या पेल्यातला छर्रा काढायला विसरले आणि माझी दाढ गेली. दाढेची चौकशी नाही. “छर्रो गावलो मां?” म्हणाले.

आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मालवणजवळच्या एका कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत, मी रसायन. धड घट्ट नाही आणि धड पातळ नाही, अशा पदार्थांपायी त्यांनी वीस वर्षं घालवली होती. पेज, खरवस, खाडीचा चिखल, काही म्हणून सोडलं नाही. धातूंवर काम करणार्‍यांची त्यांना कीव यायची. “लोखंडाक काय, ठेवला थंयच रवता!”

त्यांच्या हाताखाली तोंडवलीची सुनंदा पीएच.डी. करत होती. तिचा विषय पिठीसारख्या पदार्थांचा प्रवाह. विद्यापीठाला तो पसंत पडेना. तीन तज्ज्ञ कॉलेजात आले, वर्गातच बैठक भरली. विषय फेटाळला असता तर पोरीची तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

“सामंत, हा स्वयंपाक झाला,” त्यातले थोरले म्हणाले. “धातूंवरचा विषय घ्या, आत्ता सही करतो.”

मी टेबलाखालून सरांचा पाय दाबला. घ्या म्हटलं, पोरीचं भलं होईल.

“विषय बदलणार नाही,” सर शुद्ध मराठीत म्हणाले. मग त्यांचा पारा चढला आणि शुद्ध मराठी संपली. “सायब, ही पिठी. ठेवली की दाट होता, ढवळली की पातळ. कित्याक? सांगा!”

थोरले अर्जाची पानं चाळू लागले.

“तुमका येणा नाय. ह्या चेडवाक येता. ऐका!”

आणि सुनंदाच्या हातात खडू देऊन स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. सुनंदाने तासभर फळा भरला. थोरल्यांनी मुकाट्याने सही केली.

पुढे ती डॉक्टर झाली आणि तिला बंगलोरहून नोकरीचं बोलावणं आलं. तर ही अडून बसली. “सर, तुमका एकट्याक सोडून मी जावचंय नाय.”

“एकट्याक?” सर कडाडले. “जूनात तीन नवीन पोरां येतत माझ्याकडे! तुजा टेबल रिकामा कर आधी!”

रडतच ती एसटीत बसली. सरांनी हातसुद्धा हलवला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी विचारलं, “सर, ते तीन कोण?”

“कोण नाय.”

मला त्यांचा राग आला.

“मग तिला खोटं कशाला सांगितलंत?”

“नायतर ती गेली असती?” चष्मा पुसत ते गुरगुरले. “आणि तुमी पत्रातून तिका कळवलात, तर तुमच्याशी जल्मात बोलूचंय नाय!”