हरकत आहे, राग नाही

गर्जे सरांच्या हातात कागद द्यायचा नाही. दिलात तरी ते घेणार नाहीत. लग्नाची पत्रिका असो, लाइटबिल असो, नाहीतर भेळेचा पुडा असो. भेळवाल्याला ते आधीच सांगतात, “कागदात नको, वाटीत दे.” एसटीत कंडक्टरनं तिकीट पुढं केलं की सर खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, “शेजारच्या सीटवर ठेवा.” एकदा माझ्यासमोर कंडक्टर वैतागला. “काका, तिकीट हाय ते. इंजेक्शन न्हाई.”

“इंजेक्शन असतं तर घेतलं असतं,” सर म्हणाले.

याच्यामागं इतिहास आहे. बदलीची ऑर्डर ज्याची त्याच्या हातात पडली, त्यानं पोच दिली, की ती लागू झाली, असं सरकारी नोकरीत समजतात. म्हणून ऑर्डर निघाल्याची कुणकुण लागली की माणसं रजेवर जातात, दवाखान्यात झोपतात, मामाच्या गावाला जातात. सर यातलं काही करत नव्हते. ते सरळमार्गी. मागं एकदा ऑफिसच्या शिपायानं त्यांना पाकीट दिलं आणि म्हणाला, “पोराच्या लग्नाची पत्रिका हाय. वहीत सही करा, म्हंजी आहेराला नाव ऱ्हातं.” सरांनी सही केली, कौतुकानं पाकीट उघडलं. आत नवरा-नवरीच्या जागी सरांचंच नाव, आणि खाली ‘लोकहितार्थ बदली’.

“वर पेढा पण दिला होता त्यानं,” सर अजून सांगतात. “मी तो खाल्ला. ऑर्डरपेक्षा ते जास्त लागलं.”

तर हे डॉ. म्हातारदेव गर्जे. मूळचे पाथर्डीकडचे. नाव ठेवताना घरच्यांनी जरा घाईच केली, पण आता पन्नाशीत ते नाव त्यांना मापात बसायला लागलंय. एका सरकारी मेडिकल कॉलेजात ते शरीररचनाशास्त्र शिकवतात. कॉलेजचं नाव सांगत नाही, मला तिथं अजून पगार घ्यायचाय. मी तिथल्या आस्थापना विभागात क्लार्क. म्हणजे बदलीची ऑर्डर आली की ती सरांपर्यंत पोचवायचं काम माझं. आणि राहायला मी सरांच्याच बिल्डिंगमध्ये, त्यांच्या बरोबर खाली. दिवसभर मी सरांना ऑर्डर घेऊन हुडकायचं आणि संध्याकाळी सरांनी मला चहाला बोलवायचं, असा आमचा संसार.

बदली निघाली की सर कोर्टात जातात, आणि त्या केसमध्ये सरकार प्रतिवादी. म्हणून सर मला प्रतिवादीच म्हणतात. सकाळी सकाळी जिन्यातून हाक येते, “प्रतिवादी! दूध उतू चाललंय तुमचं! बाहेरपर्यंत वास येतोय!”

सरांचं एक पालुपद आहे. “हरकत आहे. राग नाही.” हे ते कुठंही वापरतात. रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले, हरकत आहे, राग नाही. भाजीत मीठ विसरलं, ताट बाजूला न सारता दोन घास खाऊन म्हणतात, “हरकत आहे. राग नाही.” आतून काकू म्हणतात, “मिठाची बरणी तिथंच आहे. हात नाही का?”

काकू म्हणजे सरांच्या मिसेस. या सगळ्या प्रकरणात सरकारच्या बाजूनं ठाम उभी असलेली एकच व्यक्ती. “एकदा यांची बदली होऊ द्या रे बाबा,” मला म्हणतात, “ट्रकात पहिली मी चढते. दहा वर्षं ह्या किचनच्या ओट्यानं माझी कंबर मोडलीय.” मागच्या केसच्या वेळी वकिलांनी सुचवलं होतं, पती-पत्नी एकत्रीकरण असा एक मुद्दा असतो, बघा लागू होतो का. काकूंनी चहाचा ट्रे ठेवत सांगितलं, “मला सरकारी नोकरी नाही. आणि एकत्रीकरणाची हौसही नाही.”

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर लोक बदलीला भितात ते प्रॅक्टिस बुडेल म्हणून. बरोबर. डोळेवाल्याचं बाहेर दुकान असतं, हाडवाल्याचं असतं, बाळंतपणवालीचं तर असतंच असतं. पण गर्जे सर शिकवतात मृतदेहावर. त्यांचा एकही पेशंट आजवर फी द्यायला उठलेला नाही. मुलगा पुण्यात नोकरीला, शेत नाही, प्लॉट नाही. मग हा माणूस एका गावाला गोचिडासारखा का चिकटलाय, हे आमच्या ऑफिसला पडलेलं कोडं. कुणी म्हणायचं, कुठंतरी हॉटेलात भागीदारी आहे. कुणी म्हणायचं, भानगड आहे. भानगड म्हटल्यावर आम्ही सगळे सरांच्या चेहऱ्याकडं बघायचो आणि पुन्हा हॉटेलावर यायचो.

बरं, पहिल्या दोन केसा सर जिंकलेले. पहिली जिंकली ती मुदतीच्या आधी बदली केली म्हणून. दुसरीची गंमत वेगळीच. नवीन मेडिकल कॉलेज निघालं की दिल्लीहून तपासणी येते. तेव्हा मास्तर कमी पडतात. मग जुन्या कॉलेजातले मास्तर दोन-चार दिवसांसाठी तिकडं नेऊन बसवायचे, डोकी मोजून घ्यायची आणि परत आणायचे, अशी पद्धत. लग्नात कशा खुर्च्या एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जातात, तसंच. सरांनाही असंच एका ठिकाणी नेऊन बसवलं. तपासणीवाले साहेब विचारतात, “आप यहाँ कब से हैं?” बाकीचे मास्तर पाठ केलेली तारीख सांगत होते. सर उभे राहिले आणि म्हणाले, “सुबह से. नाश्ता अच्छा था.”

त्यावर वरच्यांनी चिडून त्यांची तिकडंच कायमची बदली काढली. रागानं काढलेली ऑर्डर टिकत नाही, सर जिंकले. तिथल्या डीनना फोन करून म्हणाले, “हरकत होती. राग नव्हता.”

मी नकला करतो. आमच्या राहुरीच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल केल्यामुळं मी एकदा उन्हात उभा राहिलोय आणि एकदा गॅदरिंगला बक्षीस घेतलंय. कॉलेजच्या गॅदरिंगला मी गर्जे सरांची केली. मान तिरपी, चष्मा कपाळावर, हात पाठीमागं बांधलेले, कुणी कागद देईल म्हणून. “कोणाच्या हितार्थ? लोकहितार्थ! कुठल्या लोकांच्या? नावं द्या! पत्ते द्या!” पोरं बाकं बडवत होती. सर पहिल्या रांगेत. संपल्यावर जवळ आले. मला वाटलं आता आपलीच बदली.

“आवाज जमलाय,” ते म्हणाले. “युक्तिवाद कच्चा आहे. संध्याकाळी वर या, बसवून घेऊ.” आणि खरंच बसवून घेतला. त्या नादात मला बदल्यांचा अख्खा कायदा पाठ झाला.

आणि मग यंदाची ऑर्डर आली. यंदा सरांची मुदत कधीच उलटून गेलेली, ऑर्डर नियमात, तारीख बरोबर, सही बरोबर. जागा विदर्भाच्या पार टोकाला. मी ती सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती बराच वेळ वाचली आणि म्हणाले, “प्रतिवादी, यावेळी तुमच्या लोकांनी एकही चूक केली नाही. वाईट वाटलं.”

तरी ते मॅटमध्ये गेलेच. मॅट म्हणजे सरकारी नोकरांचं कोर्ट. आमच्यासाठी ते संभाजीनगरला. तारखेला सरकारची फाइल घेऊन मला जायचं होतं. ऑफिस गाडी देत नाही, एसटीचं भाडं देतं, तेही पुढच्या उन्हाळ्यात. म्हणून सर म्हणाले, “चला माझ्याच गाडीत.” गाडी मी चालवली, कारण सरांना घाटात भीती वाटते. वादी शेजारी, त्याच्याविरुद्धचे पुरावे मागच्या सीटवर, आणि त्याच्यावर काकूंनी दिलेला दशम्यांचा डबा. वाटेत सरांनी विचारलं, “फाइलीत पान बावीस लावलंय का? ते तुमच्या फायद्याचं आहे.” मी गाडी बाजूला घेऊन बघितलं. नव्हतं लावलेलं. सरांनी स्वतःच्या पिशवीतली झेरॉक्स काढून दिली.

मॅटच्या व्हरांड्यात आख्ख्या महाराष्ट्रातल्या आया आजारी असतात. जो तो आईच्या आजारपणाचे रिपोर्ट घेऊन बसलेला. सरांचे वकील त्यांना कडेला घेऊन म्हणाले, “सर, कायद्याचा मुद्दा नाहीये आपल्याकडं. सहानुभूतीचं काहीतरी द्या. आई?”

“वारली.”

“मुलगा बारावीला?”

“त्यालाच पोरगी झालीय.”

“तुम्हाला स्वतःला काही? बीपी? मणका?”

“उत्तम.”

“अहो मग का राहायचंय तुम्हाला इथं?”

सर चष्मा पुसत बसले. “कारण आहे. पण कागदावर लिहिण्यासारखं नाही.”

वकिलांनी माझ्याकडं बघितलं. मी हॉटेलातली भागीदारी आठवून खाली बघितलं.

पाचच मिनिटांत निकाल लागला. बदली कायम, आठवड्यात हजर व्हा. पान बावीसचा उपयोग झाला. मला वाटलं, सर आता तरी पालुपद म्हणतील. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला, एवढंच.

परतीला घोडेगावच्या अलीकडं सर म्हणाले, “डावीकडं घ्या. एका वस्तीवर जायचंय.”

कच्चा रस्ता, दोन्हीकडं कांदा, शेवटाला पत्र्याचं एक खोपट. दारात शेळी, आणि शेळीशेजारी एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली. गाडी बघून उठली. तिचा एक पाय जन्मापासून वाकडा असणार. उठताना ती अर्धी गोल फिरली आणि मग सरळ झाली.

“आलं का सायेब? अन् ह्यो कोन?”

“हे प्रतिवादी.”

“ऱ्हाऊ द्या. च्या पितो ना?”

तिचं नाव सरूबाई. सर हातपाय धुवायला गेले तेवढ्यात तिनं मला सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं, मला माहीतच असणार.

“देवळात आल्ते वो हे भजनाच्या टायमाला. म्हनं, मेल्यावर देह द्या, पोरं शिकत्याल. आयकून समदं देऊळ उठून गेलं. मी बसले.”

“तुम्हाला पटलं?”

“न्हाई, गुडगा धरला हुता.” ती हसली. “मंग बसल्या बसल्या पटलं. मला कोन हाय जाळायला? म्हनलं देते, पर येक अट. जल्मभर लोकं हसली माझ्या पायाला. शाळंतली पोरं अजून माझी चाल काढून दावत्यात, म्होरं म्होरं चालून. तर म्हनलं, मेल्यावर तिथली शिकलेली पोरंबी हसली, तर म्या काय करायचं? उठून मारता येतंय व्हय? तवा हे म्हनले, मी सोता उबा ऱ्हातो. मी असंन तवर कुनी दात काढनार न्हाई.”

मी शेंगा फोडायला घेतल्या. काहीतरी करायला पाहिजे होतं.

सर रुमालानं तोंड पुसत आले. मी हळूच म्हणालो, “सर, हे सांगायचं ना कोर्टात.”

“काय सांगायचं? ही मरेपर्यंत मला इथं ठेवा म्हणून?” सर पुटपुटले. “मी हिच्या मरणावर टपून बसलोय असं दिसलं असतं ते.”

मग ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले, आणि मांडीवर हात ठेवून, पोरगा नापास होऊन घरी आल्यावर बोलतो तसं बोलले. “सरूबाई, केस हरलो. मला जावं लागतंय. लांब. माझ्या जागी येतील ते चांगले आहेत, मी त्यांना सांगून जातो, पण...”

“त्यांला मी काय वळखते?”

“हो, पण...”

“परत कवा येनार?”

“तीन वर्षांनी मागता येतं. मिळालं तर.”

सरूबाईनं हिशेब केल्यासारखं शेळीकडं बघितलं. “मंग थांबते की. मला कुटं घाई हाय.”

सरांनी एकदम वाकून तिच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. सर पुन्हा दुसऱ्या पायावर दाबून बघायला लागले.

“सूज आहे. कधीपासून? बीपी कुणी तपासलंय का?”

“ते काय असतंय?”

“उद्या हे प्रतिवादी तुम्हाला तालुक्याला दवाखान्यात नेतील. दर महिन्याला नेतील.” मला कुणी विचारलं नाही, आणि माझी ना नव्हती. “आणि मीठ कमी. पापड नाही. लोणचं बंद.”

“लोनचं?” सरूबाई पहिल्यांदा घाबरली. “सायेब, भाकरी अन् लोनचं, दुसरं मी खाते काय? तीन वरीस बिनलोनच्याचं?”

“तीन वर्षं.”

ती भिंतीला धरून उठली, अर्धी गोल फिरून आत गेली, आणि फडक्यानं तोंड बांधलेली चिनीमातीची बरणी दोन्ही हातांत घेऊन बाहेर आली.

“मंग ही तुमीच घिऊन जावा. हितं ऱ्हायली तर माझा भरोसा न्हाई.”

सरांनी बरणी घेतली. गाडीत मी म्हणालो, मागं ठेवू का, डब्याशेजारी. त्यांनी मान हलवली. घाट लागला, उतरला, शहरातले दिवे लागलेले दिसायला लागले. घर येईपर्यंत सरांनी ती बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही.