अण्णांच्या टोमॅटोंचं दुखणं

"महादेवी, भिंग आण गं! करपा न्हवं, ही भुरी हाय!" सोमशेखर अण्णा गच्चीवरून ओरडले.

"काल तर करपा होता की," त्यांची बायको महादेवी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काल, काल होता!"

एस.टी.त कंट्रोलर म्हणून उभी हयात घालवलेल्या अण्णांनी निवृत्तीनंतर राजारामपुरीतल्या घराच्या गच्चीवर, तेलाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोची चार रोपं लावली होती. रोपं फुलावर आली, गल्लीभर सांगून झालं, आणि नेमकी तेव्हाच पानं पिवळी पडायला लागली. शेंड्यांनी माना टाकल्या. अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं. नोकरीत असताना बिघडलेली गाडी डेपोत पाठवली की काम संपायचं. इथं पाठवायचं कुठं?

मग त्यांनी स्वतःच इलाज सुरू केला. करप्यावर राख झाली, भुरीवर ताक झालं. रोगाचं नाव रोज बदलायचं, पण कुठलंही औषध दिलं की वरून बादलीभर पाणी ठरलेलं. "औषध मुळापतोर पोचाय नको व्हय?" असं अण्णांचं म्हणणं.

शेजारचे हंबीरराव एकदा बघायला आले. त्यांचा मलकापूरकडे ऊस होता, त्यामुळे शेतीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज. पान चुरगाळून, हुंगून ते म्हणाले, "अण्णा, पाणी कमी पडतंय ह्यास्नी."

अण्णांनी आणखी एक बादली वाढवली.

पानं आता आकसायला लागली. "बोकड्या!" अण्णांनी नवा रोग जाहीर केला. ताक, हिंग आणि तंबाखू एकत्र भिजवून त्यांनी नातवाची रंगपंचमीची पिचकारी भरली, नेम धरला आणि दाबली. त्याच वेळी वारं फिरलं. पलीकडच्या गच्चीवर हंबीररावांच्या बायकोनं, शालूबाईंनी, उडदाचे पापड वाळत घातले होते.

"अण्णाऽऽ! माझं पापड!"

"वैनी, घाबरू नगासा, औषध हाय त्ये! तंबाखू हाय नुसती!"

"मग खावा की तुमीच!"

दोन्ही घरांतली वाटीची देवाणघेवाण त्या दिवशी बंद झाली. संध्याकाळी हंबीरराव तेवढे हळूच कुंपणाशी आले. "एक भाजून खाल्ला मी," ते कुजबुजले. "वाईट न्हाय लागत. पण हिला सांगू नगा."

महादेवीला मात्र गल्लीत तोंड दाखवायची चोरी झाली. तिच्या भावाकडे, हातकणंगल्याला लग्न होतं. "चार दिस आधी जावा तुमी," तिनं नवऱ्याला फर्मावलं. "मांडवाचं बघा. शालूवैनीचा राग तरी उतरंल. मी लग्नादिवशी येतो म्हणून सांगा."

"आणि रोपं?"

"मी हाय की."

सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं तीनतीनदा बजावून अण्णा गेले. महादेवी तशीच पदर खोचून शालूबाईंकडे गेली आणि न बोलता नव्या पापडांचं पीठ कुटायला बसली. दुसऱ्या दिवशी दोघी बोलायला लागल्या, तिसऱ्या दिवशी हसायला. एसटीडी बूथवरून अण्णांचा फोन आला.

"कशी हायत?"

"झकास! पातळ, पांढरंशुभ्र!"

"पांढरं? महादेवी, पानं पांढरी झाली?"

"पापड ओ! पानंबी झकासच," असं तिनं ठोकून दिलं आणि फोन ठेवला. खरं म्हणजे ती गच्चीवर गेलीच नव्हती.

लग्न उरकून दोघं रिक्षातून उतरली तेव्हा कुठं तिला बादलीची आठवण झाली. अण्णा पिशव्या दारातच टाकून वर धावले. मग वरून हाक आली, "महादेवी, वर ये."

ती देवाचं नाव घेत वर गेली. चारही रोपं ताठ उभी होती. डब्यांतला चिखल वाळून माती मोकळी झाली होती, शेंड्यांना कोवळी हिरवी पानं फुटली होती आणि एका फांदीला सुपारीएवढे दोन टोमॅटो धरले होते.

"काय घातलंस?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजे?"

"पाणीसुदीक न्हाय ओ," तिनं खरं सांगून टाकलं. "इसरलोच."

अण्णा कठड्यावर बसले. भिंग खिशातून काढलं, पुन्हा आत ठेवलं.

"म्हंजे रोग मीच व्हतो," ते हळूच म्हणाले.

महादेवी त्यांच्या शेजारी टेकली. "रोग कशाचा? लाड जरा जास्त झालं, येवढंच."

पहिले पिकलेले दोन्ही टोमॅटो वाटीत घालून अण्णा स्वतः शालूबाईंकडे गेले. शालूबाईंनी वाटी रिकामी परत दिली नाही. नवे पापड दिले. हंबीररावांनी मात्र अण्णांना दंडाला धरून आपल्या गच्चीवर नेलं.

"अण्णा, आता तुमीच जाणकार. माजी मिरची बघा की, पार पिवळी पडलीया. रोज दोन बादल्या घालतोय तरी."

अण्णांनी भिंग लावलं. पान उलटून पाहिलं, मातीत बोट घालून पाहिलं. मग मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "हंबीरराव, चार दिस मलकापूरला जाऊन या."

"आजारी मिरची, आणि गावाला मी जाऊ?"

"व्हय. हाच इलाज."

जिन्याखालून शालूबाईंचा आवाज आला, "अण्णा, औषध ब्येस हाय! पण आठ दिसांचं द्या की!"