मिठाच्या गोदामातला उजेड

घुबडाने लोडर मागे घेतला आणि पाठीमागे काहीतरी कडकडलं. उतरून बघतो तर सुपरवायझरची मोटारसायकल मिठाच्या ढिगाला टेकून आडवी झालेली, हँडल वाकडं. सुपरवायझर केबिनमधून बाहेर आला. त्याने आधी मोटारसायकलकडे पाहिलं, मग घुबडाकडे. मोटारसायकल लालभडक होती. पांढऱ्या मिठापुढे एवढी लाल वस्तू न दिसायला काय झालं, असं त्याने विचारलं.

"दिवे," घुबड म्हणाला. "या दिव्यांत दम राहिला नाही, साहेब."

गोदामाला खिडक्या नव्हत्या. भर दुपारीही आत तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटायचं. त्या अंधुकपणात लोडरच्या पुढची बकेट, म्हणजे ते लोखंडी सूप, नेमकी ढिगाच्या पोटात घालून, पोत्याला धक्का न लावता बाहेर काढणारा म्हणून त्याला घुबड हे नाव पडलं होतं. ठेवणाऱ्यांनी शिवी म्हणून ठेवलं, त्याने पदवी म्हणून स्वीकारलं. पण अलीकडे कडा पुसट व्हायला लागल्या होत्या आणि हे तो स्वतःशीही बोलत नव्हता. ज्या ड्रायव्हरला दिसेनासं होतं त्याला गेटवर बसवतात. आधीच्या ड्रायव्हरला असंच बसवलं होतं. तो बसून बसून एक दिवस बसलेलाच राहिला, आणि ते लोकांच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली.

सुपरवायझरने दिवे बदलायला परवानगी दिली. गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस घुबडाच्या घरातच होता, त्याचा साडू. सासरे होते तोपर्यंत ते दोन्ही जावयांची तुलना करायचे. ते गेल्यावर ते काम साडूने स्वतःकडे घेतलं होतं. त्यामुळे त्याला बोलावणं घुबडाच्या जिवावर आलं, पण गरजवंताला अक्कल नसते.

साडूने लांब, बारीक झोताचा एलईडी आणला. झोत ढिगावर पडला आणि घुबडाला तिथे एक पांढरा गोळा दिसला, गोळ्याभोवती रंगीत कडी. काच खराब आहे, असं तो म्हणाला. साडू म्हणाला, काच उत्तम आहे, पण हा झोत मोकळ्या माळावर चालतो. गोदामात उजेड पसरट हवा.

पसरट दिवा पुढे बसवला. बकेट वर उचलली की तिच्या पत्र्यावर आपटून सगळा उजेड घुबडाच्याच तोंडावर यायचा. मग दिवा केबिनच्या टपावर चढवला, तोंड खाली वाकवून. तिथे हवेत उडणारी मिठाची भुकटी चमकायला लागली, म्हणून पिवळसर उजेडाचा आणला. त्याचे स्क्रू मिठाने आठवड्याभरात खाल्ले आणि दिवा मान मोडल्यासारखा एका बाजूला लोंबू लागला. मग पाणी-भुकटी आत न जाणारा, न गंजणाऱ्या पट्टीचा आला. तो लागला की केबिनमधला रेडिओ माशी अडकल्यासारखा घोंघावायचा. साडू प्रत्येक वेळी नवं कारण शोधायचा आणि घुबड ते आनंदाने मान्य करायचा. जोवर खोट दिव्यात होती तोवर ती त्याच्यात नव्हती.

होता होता लोडरवर दिव्यांची माळ झाली. हमाल टोप्या डोळ्यांवर ओढून काम करू लागले. उजेड वाढत गेला आणि घुबडाला कमी कमी दिसत गेलं. एवढा झगझगाट झाल्यावर आता तक्रार कशाची करायची, या काळजीने त्याला घास गिळवेना.

शेवटचा दिवा लावून साडू त्याचा उजेड नेमका कुठे पडतो हे बघायला ढिगापाशी गेला. अंगात फिका शर्ट, डोक्यापासून पायापर्यंत मीठ. तिथे तो उकिडवा बसून जमीन न्याहाळत होता. त्याने हात हलवला, म्हणजे थांब. घुबडाला हात दिसला नाही. त्याला समोर एक छोटा ढीग दिसला. त्याने बकेट जमिनीला लावली, अलगद पुढे सारली आणि उचलली. काम इतकं सफाईने झालं की साडू नुसता मागे बसला, पाळण्यात बसावं तसा, आणि वर गेला.

"साडूभाऊ," वरून आवाज आला. "मी आहे आत."

घुबडाने इंजिन बंद केलं. मग पुन्हा चालू करून बकेट इंच इंच खाली आणली. साडू उतरला, एक बूट काढून त्यातलं मीठ झाडलं आणि लोडरच्या पायरीवर बसला. सासऱ्यांच्या लाडक्या जावयाने आता बोलायला हवं होतं, पण त्याने दुसरा बूट काढला.

"दिवे चांगले आहेत," शेवटी तो म्हणाला.

"माहीतेय."

"मग?"

"गेटवर बसवतील रे मला," घुबड म्हणाला.

घरी बायकोला सांगायचं धैर्य त्याने दोन घोट पाणी पिऊन गोळा केलं. ती शांतपणे म्हणाली, "अहो, मला ठाऊक आहे. तुम्ही रोज खालच्या मजल्यावरच्यांच्या दाराला किल्ली लावता. ते बिचारे आतून सांगतात, अजून एक जिना." तेवढं कळूनही ती आजवर बोलली नव्हती. तुम्ही सांगाल म्हणून थांबले, म्हणाली.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत पिकलेला. डॉक्टर म्हणाले, असल्या डोळ्यांवर जितका उजेड माराल तितकं धुकं दाटतं. ऑपरेशनमध्ये डोळ्यांतली जुनी काच काढून नवी बसवली. पट्टी सुटली तेव्हा घुबडाला सगळ्यात आधी बायको दिसली. तिचे केस एवढे कधी पिकले ते त्याला कळेना. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, आणि काय बघताय असं तिने विचारल्यावर झाड, असं सांगितलं.

कामावर परतला तोवर लोडरवर दुसरा ड्रायव्हर आला होता. भीती होती तसा लोडर सुटला, पण गेटवर बसावं लागलं नाही. दिव्यांतलं याच्याइतकं कुणालाच कळत नाही, असं सुपरवायझरचं ठाम मत झालं होतं. त्याने घुबडाला सगळ्या यंत्रांच्या दिव्यांवर नेमलं. गोदामभर फिरून तो कुठल्या गाडीला कसला झोत हवा हे सांगू लागला आणि लोक ऐकू लागले. लोडर घरघरत शेजारून गेला की मात्र तो हातातलं काम थांबवायचा.

एके दिवशी नवा ड्रायव्हर त्याच्याकडे आला. मिशीवाला, थोराड माणूस. नजर चुकवत म्हणाला, लोडरच्या दिव्यांत काही दम नाही. काचांचा दोष असावा. कडी कडी दिसतात.

घुबडाने आधी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग फडकं घेऊन लोडरवर चढला, एकेक काच पुसली, पुसण्यासारखं काही नसतानाही. टपावरचा दिवा थोडा खाली वाकवला. खाली उतरून हात झटकले.

"काच घासलीये," तो म्हणाला. "बदलून मिळते. उद्या सकाळी चल माझ्याबरोबर, मला ठिकाण माहीत आहे."

"साहेबांना सांगायला लागेल?"

"कशाला? दिव्यांचं खातं माझ्याकडे आहे," घुबड म्हणाला. "फक्त येताना बायकोला बरोबर आण."