टॉवेलाआडचे तीन लिमिटर

कानसेनांनी स्क्रीनवर टॉवेल टाकला. मेव्हण्याने घड्याळाकडे पाहिलं. त्याचं पहिलंवहिलं गाणं सहाच्या आत पाठवायचं होतं.

रेकॉर्डिंगच्या धंद्यात त्यांच्या कानांचा एवढा दबदबा होता की सगळे त्यांना कानसेनच म्हणत. सासरी मात्र त्यांना कुणी हिंग लावून विचारत नसे. म्हणून बायकोच्या धाकट्या भावाने गाणं आणलं, तेव्हा ही संधी हातची घालवायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"टॉवेल कशाला, भाऊजी?"

"आकडे नाचताना दिसले की कान फितूर होतात. आता तीन मल्टिबँड लिमिटर ऐकवतो. ढोल उसळला तर फक्त ढोलाला चाप, गळा चढला तर फक्त गळ्याला. हे एक."

त्यांनी डोळे मिटले. "कोरडा! आता दोन... अहाहा, काय भरलाय! आणि हा तीन. खरखरतोय."

मेव्हण्याला काडीचा फरक कळला नव्हता, पण तसं म्हणायची सोय नव्हती. "तिसऱ्यात माझा आवाज बसलेला वाटतो," तो म्हणाला.

"आणि पहिल्यात नाकातला," दारातून त्याची बहीण म्हणाली. दुपारपासून ताटकळलेलं जेवण तिला दोघांना एकदाचं वाढायचं होतं.

पुन्हा ऐकलं, पुन्हा वाद झाला आणि शेवटी दुसऱ्यावर एकमत झालं. मेव्हण्याने आनंदाने हात वर केले, त्यात टॉवेल खाली आला.

स्क्रीनवर बायपासचा दिवा लाल पेटला होता. मूळ गाणं ऐकायला सकाळी कानसेनांनीच तो लावला होता. तिन्ही लिमिटर तेव्हापासून बंद होते. तिघं मिळून कुणाचाही हात न लागलेलं एकच गाणं ऐकत होते.

कानसेनांच्या ते लगेच लक्षात आलं. बाकी दोघांना काही कळलं नव्हतं. कानसेनांनी हळूच बायपास काढला. "शेवटचं एकदा ऐकून घे," ते म्हणाले आणि खराखुरा दुसरा लिमिटर लावला.

मेव्हण्याचा चेहरा पडला. "हा कुठला? गळा आवळल्यासारखा वाटतोय. मघाचा दुसरा कुठे गेला?"

"मघाचा ना..."

"सापडेल ना, भाऊजी?"

सहा वाजत आले होते. बायको बघत होती. "सापडेल," कानसेन म्हणाले आणि त्यांनी बायपास लावला.

"हाच! याला म्हणतात कान!" मेव्हणा ओरडला. गाणं तसंच गेलं.

महिन्याभराने तो आपल्या चार गायक मित्रांना घेऊन आला. सगळ्यांना तोच दुसरा लिमिटर हवा होता. कानसेनांनी त्यांना बसवलं, आधी आठवणीने बायपास लावला, मग स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि त्याला दोन्ही बाजूंनी कपड्यांचे चिमटे लावले.