तीनशे मुके ड्रॅगन

आमच्या जिल्ह्यात शंभरातल्या अठ्ठ्याण्णव गाड्या पांढऱ्या असतात. उरलेल्या दोन धुळीने माखलेल्या पांढऱ्या.

*

बाळ चाळीस दिवसांचं होईपर्यंत त्याच्या खोलीत फोन वाजू द्यायचा नाही. आजीचाही नाही.

*

घरात शिट्टी वाजवली की बरकत उठून चालू लागते. अंगणात वाजवली तरी तेच. फारच हौस असेल तर कालव्यापलीकडच्या शेतात जावं.

*

झगमगता रंग पांढऱ्यावर झगमगत नाही. त्याला खाली काळं अस्तर लागतं. हे मी स्वतः शोधून काढलं! म्हणजे फोनवर पाहिलं.

*

उस्ताद शागिर्दाच्या कमरेला पट्टा बांधतो आणि म्हणतो, "जा, आजपासून तूही उस्ताद." कमरेला पट्टा बांधण्याचा आणखीही एक प्रसंग असतो. तो मी विचारात घेतला नव्हता.

*

आता सलग सांगतो.

मी हमदम. वय सेहेचाळीस. हुद्दा : शागिर्द. एकोणीस वर्षं! माझ्याबरोबरची मुलं सासरे झाली, मी अजून शागिर्द! माझी उस्ताद म्हणजे माझी सख्खी मावशी, शराफत खाला. त्या मातीचे मुठीएवढे ड्रॅगन करतात. तीन डोकी, पाठीवर करवतीसारखे दाते आणि मागे जाडजूड शेपटी. शेपटीत फुंकलं की तोंडातून शिट्टी निघते. नवरोजच्या सकाळी गावातली पोरं त्या शिट्ट्या वाजवतात आणि वसंताला उठवतात. नाही वाजवल्या तर तो कूस बदलून पुन्हा झोपतो, असं म्हातारे सांगतात.

यंदा खालांच्या मुलीला नवोई शहरात बाळ झालं आणि चाळीस दिवसांसाठी खाला तिकडे निघाल्या. भट्टीतून काढलेले तीनशे कोरे ड्रॅगन माझ्या अंगणात ठेवून.

"तांबडा, पिवळा, निळा," खाला गाडीत बसता बसता म्हणाल्या. "तीन पट्टे. नवरोजच्या सकाळी शाळेत पोचव."

"आणि खाला... पट्टा?"

"तीनशेच्या तीनशे वाजले, तर आल्यावर बांधीन. डोकं चालवू नकोस."

गाडी गेली. मी लगेच डोकं चालवायला घेतलं.

कारण मला ठाऊक होतं, माझा हात खालांपेक्षा बारीक आहे. हे मी गर्वानं म्हणत नाही, फक्त सगळ्यांना सांगतो. फोनवर मी परदेशातले रंगारी बघत असे. बोटाएवढ्या राक्षसाचा एकेक खवला असा रंगवतात, की इकडून पाहिला तर जांभळा, तिकडून हिरवा, मान वाकडी केली तर सोनेरी! आणि आम्ही? तांबडा, पिवळा, निळा. जशी सणाला रंगवलेली गाढवं!

गाड्या रंगवणारा बोबोकुल आमचा शेजारी. ह्या अकाकडे, म्हणजे दादाकडे, गेलो.

"बोबोकुल अका, झगमगता रंग आहे का?"

त्याचे डोळे भरून आले. मागच्या खोलीतून त्यानं एक मोठा डबा आणला आणि बाहीनं पुसला. "सरड्या रंग! आठ वर्षं वाट बघतोय रे हा. इथं लोक पांढरी गाडी घेतात, पांढरीच रंगवतात आणि पांढरीलाच ठोकतात. घेऊन जा! कोणाच्या तरी अंगाला लागू दे!"

"ह्याला खाली काळं लागतं ना?"

"काळंही घे. बादलीभर घे."

बादलीभर घेतलं. इथंच लक्षात घ्या, बादली. मी एकेक ड्रॅगन डोक्याशी धरला आणि चहात नान बुडवावा तसा शेपटीकडून काळ्यात बुडवला. बुडवला, झटकला, तारेवर टांगला. दुपारपर्यंत अंगणात तीनशे काळे ड्रॅगन उलटे लटकत होते. सनोबर, माझी बायको, पाण्याच्या बादल्या घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अहो, वटवाघळं पाळलीत का?"

"ही कला आहे, सनोबर."

"कला असू दे. पण खाला असं बुडवत नाहीत. त्या शेपटीशी काहीतरी करतात आधी."

"काय करतात?"

"मला काय ठाऊक? शागिर्द मी आहे का?"

तिला कुठलं कळायला! मी बसलो खवले काढायला. तीन केसांची कुंचली. एका ड्रॅगनवर दोनशे खवले, ते गुणिले तीनशे. हिशेब तुम्हीच करा, मी केला असता तर उठून पळालो असतो. बारा दिवस! मान गेली, पाठ गेली, नमाजाला वाकलो की उठवायला माणूस लागायचा. पण काय दिसत होते सांगू! ऊन पडलं की अंगणात तीनशे मोर एकदम वळल्यासारखे वाटायचे. ज्या माझ्या बायकोनं वीस वर्षांत माझ्या एकाही वस्तूला बरं म्हटलं नाही, तीदेखील एकदा उभी राहून बघत होती. मी पाहतोय हे कळताच म्हणाली, "चहा थंड होतोय."

खालांचा फोन आला.

"रंगवलेस?"

"रंगवले खाला! आजवर कोणी रंगवले नसतील असे!"

मग म्हणाल्या, "हमदम, मला ह्याचीच भीती वाटते. शेतात नेऊन वाजवून बघ."

"बघतो," मी म्हणालो. आणि बघणारच होतो! पण रंग ओला होता, मग पाऊस होता, मग शेतात चिखल होता. घरात तर वाजवता येत नाही, आणि तीनशे ड्रॅगन चिखलातून कोण नेणार? शिवाय आजवर खालांचा एक तरी ड्रॅगन न वाजलेला कुणी पाहिला होता का?

शाळेच्या हेडबाई मुकर्रम ते बघायला आल्या आणि त्यांनी गालावर हात मारून घेतला. "हमदम अका! हे काय सोनं केलंत! थांबा, मी जिल्ह्याच्या साहेबांना बोलावते. टीव्हीवाल्यांनाही बोलावते!"

मी नम्रपणे मान खाली घातली. मानेमुळे तसाही दुसरा इलाज नव्हता.

*

नवरोज. सकाळचे नऊ. पटांगणात तीनशे मुलं, तीनशे ड्रॅगन, एक कॅमेरा. खुर्चीवर फोनमध्ये डोकं घातलेले साहेब. मुकर्रमबाईंनी रुमाल हलवला. तीनशे तोंडं शेपट्यांना लागली.

पटांगणावर झालेला आवाज जसाच्या तसा देतो :

 

बस्स. एवढाच. कुठंतरी उजव्या कोपऱ्यात एक बारीकसं फुस्स झालं असेल, पण ते बहुधा माझंच होतं.

मुलांनी पुन्हा फुंकलं. गाल टोमॅटो झाले, डोळ्यांत पाणी आलं. तीनशे पोरं जीव तोडून फुंकतायत, ओठ जांभळे-हिरवे झालेत आणि आवाज शून्य! काळं अस्तर आत जाऊन प्रत्येक शेपटीत बुचासारखं बसलं होतं.

तेवढ्यात साहेबांनी फोनमधून मान वर केली. समोर काय, तर तीनशे मुलं स्तब्ध, डोळे पाणावलेले, सर्वत्र शांतता. ते झटकन उभे राहिले आणि दुआसाठी दोन्ही तळवे पुढे धरले. साहेब उठले म्हणून सगळे उठले. सगळ्यांचे तळवे वर. "ओमीन," साहेब म्हणाले आणि चेहऱ्यावरून हात फिरवला.

"ओमीन," अख्खं गाव म्हणालं.

साहेबांनी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मुकर्रमबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "साहेब, ह्या शराफत उस्तादांच्या... शिट्ट्या..." आणि त्यांना रडूच कोसळलं.

"समजलं," साहेब म्हणाले. आणि माइकवर गेले. "शराफत उस्तादांच्या आठवणीत मुलांनी आज शिट्ट्या मुक्या ठेवल्या. ह्याहून मोठी श्रद्धांजली कोणती!"

कॅमेरा चालू होता.

मी त्या क्षणी धावत जाऊन माइक हिसकावून घ्यायला हवा होता. कुणीही घेतला असता. पण खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : वा! आता शिट्ट्यांचं कोणी विचारणार नाही!

*

मी घरी पोचायच्या आत शोक घरी पोचला होता. अंगणात बाकं मांडलेली, शेजाऱ्यांची मोठी कढई चुलीवर चढलेली, गाजरं चिरली जात होती. आत बायकांनी गळे काढले होते. सनोबर मला दारातच भेटली.

"तुम्ही खालांना मारलंत!"

"मी नाही, साहेबांनी मारलं!"

"फोन करा त्यांना!"

केला. बंद. बाळ झोपलं असणार. पुन्हा केला. बंद. तिसऱ्यांदा, अल्लाशप्पथ, वाजला. आणि मीच घाईघाईनं कापला. काय सांगणार? आधी त्या मेल्याची बातमी देऊ की आधी शिट्ट्यांची?

मग मी लोकांना सांगायचा प्रयत्न केला. "अहो, खाला गेल्या नाहीत!"

एका म्हाताऱ्यानं माझे खांदे धरले. "नाही गेल्या, बेटा. अशी माणसं जात नसतात."

"तसं नव्हे! त्या नवोईला आहेत!"

"जिथं असतील तिथं सुखात असू देत. ओमीन."

"जिवंत आहेत हो!"

"आमच्या काळजात," म्हातारा म्हणाला आणि मला मिठी मारून इतका रडला, की मलाही रडू आलं. तिथंच माझी बाजू संपली.

मग गर्दीतून बोबोकुल आला. हातात दुमडलेला रेशमी पट्टा. मयताच्या घरचे पुरुष कमरेला पट्टा बांधून दारात उभे राहतात, तो हा दुसरा प्रसंग. "तू तिच्या मुलासारखा," तो म्हणाला. मी हात वर केले, नको म्हणायला. त्याला वाटलं, बांधायला. एकोणीस वर्षं मी ह्या क्षणाची वाट पाहिली होती. पट्टा घट्ट बसला. लोक माझ्याकडे आदरानं बघत होते. वाट पाहिली होती ती अगदी अशीच!

मी दारात उभा राहिलो. दुसरं काय करणार? येईल त्याचा हात हातात घ्यायचा आणि मान डोलवायची. दुपारी तीनपर्यंत मलाही वाटायला लागलं, खाला खरंच बऱ्या होत्या हो.

साडेतीनला दारात एक पांढरी गाडी थांबली. आमच्या एका नातेवाइकानं सांत्वनाला खालांच्या लेकीला फोन लावला होता. तो उचलला होता खालांनी. "कोण बोलतंय?" "मी शराफत." नातेवाईक अजून खाटेवर आहे म्हणतात.

खाला गाडीतून उतरल्या. अंगणात साऱ्यांचे घास हातातच थांबले. आत बायकांना काही कळलं नव्हतं. "अगं शराफत, तुझ्या हातांसारखे हात कुणाचे गं!" एक उंच सूर निघाला आणि दारात खालांना पाहून मधेच तुटला.

"थांबलीस का?" खाला म्हणाल्या. "चांगलं चाललं होतं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी दारात, कमरेला पट्टा. त्या जवळ आल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उस्तादाचे हात माझ्या कमरेपर्यंत आले. गाठ सोडायला.

"शिट्टी आण," त्या म्हणाल्या.

आणली. त्यांनी ती उन्हात धरली, जांभळी, हिरवी, सोनेरी. बराच वेळ फिरवत राहिल्या.

"खवले बरे आहेत," त्या म्हणाल्या. "शेपटीत ओली काडी घालून मग रंगवायचं. एकोणीस वर्षं तुझ्या नाकासमोर करतेय मी हे."

"मला वाटलं, ती धरायला असते."

त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला, शेपटीत घातला, खरवडलं. कालव्यापलीकडे चालत गेल्या. अख्खं शोकाकुल गाव मागं. शिट्टी फुंकली. ड्रॅगनच्या तोंडातून असा काही लख्ख सूर निघाला, की मागची सगळी कुत्री उठून बसली.

"एक," खाला म्हणाल्या आणि आकडा माझ्या हातात ठेवला. "राहिल्या दोनशे नव्व्याण्णव."

"खाला," मी हळूच विचारलं, "आणि पट्टा?"

"पट्टा बोबोकुलचा आहे. देऊन ये त्याला."

शराफत खालांना त्यांच्या आईनं पट्टा बांधला, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या.